सतरा नंबरच्या उरलेल्या गोळ्या

माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी लोकांचं बीपी मोजायची नोकरी करते. बीपी मी मोजायची, ते काही खोटं नाही. पण पगार मिळायचा तो वेगळ्याच कामाचा. त्या कामाचा पहिला नियम असा की रस्त्यात आपला माणूस समोरून आला तर त्यानं आपल्याला ओळखायचं नाही आणि आपण त्याला. बावीस वर्षं मी भिवंडीत अशी अनोळखी होऊन फिरले. भाजी घेताना शेजारी उभा असलेला माणूस परवाच माझ्यासमोर ढसाढसा रडून गेलेला असायचा, आणि आम्ही दोघं एकाच मेथीच्या जुडीकडे बघत उभे.

मी समुपदेशक होते. आमच्या संस्थेचं केंद्र एका झेरॉक्सच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. पाटी साधी 'आरोग्य सल्ला' अशी, कारण वर येणाऱ्याची पंचाईत व्हायला नको. येणारे बहुतेक समलिंगी पुरुष, किंवा ज्यांचं मन बायका आणि पुरुष दोघांकडे वळतं असे. काही अविवाहित, पुष्कळ लग्न झालेले. त्यांना एचआयव्ही होऊ नये हे पाहायचं आणि झालाच असेल तर वेळेत औषधाला लावायचं, हे माझं काम.

शेवटच्या काही वर्षांत एक गोळी आली. ती एचआयव्ही झालेल्यांसाठी नव्हे, न झालेल्यांसाठी. रोज एक घेतली की विषाणू शरीरात शिरला तरी त्याला मूळ धरता येत नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, किडनीवर लक्ष ठेवायचं, आणि बाकीचे गुप्तरोग ती थांबवत नाही म्हणून निरोधही सोडायचा नाही. एवढं समजावलं की कुणीही गोळी सुरू करतो. सुरू करणं सोपंच असतं. खरी गंमत दुसऱ्या महिन्यापासून.

माणसं तऱ्हेतऱ्हेची. एकानं बाटलीतली ओल शोषणारी पुडी फोडून तिच्यातले दाणे माझ्यापुढे ठेवले आणि हे जेवणाआधी घ्यायचे की नंतर असं विचारलं. एक जण गोळ्या सुपारीच्या डबीत ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढे सवयीनं डबी धरायचा. बाटली खुळखुळते ही सगळ्यांची तक्रार. लूमवाल्यांनी त्यावर स्वतःच तोड काढली. कारखान्यातला वाया गेलेला सुताचा गुंता बाटलीत कोंबला की आवाज बंद.

लूमवाले म्हणजे पॉवरलूमवर काम करणारे, गावाकडून आलेले, एका खोलीत दहा-बारा राहणारे. आमच्याकडे गोळी घेणारे दुसरे होते ते मानकोलीच्या गोदामांतले. त्यांच्यात नीलेश माझा लाडका. जवळच्याच गावातला शेतकऱ्याचा मुलगा, गोदामात सुपरवायझर. घरात स्वतंत्र खोली, कपाटाला कुलूप, मोबाईलला गजर. त्याच्या बाटलीत महिन्याअखेरीस एकही गोळी उरत नसे. "ताय, मना काय सांगावं लागतं का?" असं म्हणून तो बाटली उलटी करून दाखवायचा.

आणि लूमवाल्यांच्या बाटल्यांत गोळ्या उरायच्या. चार-दोन नव्हेत, अर्ध्या.

आमच्याकडे नावं लिहीत नाहीत, नंबर देतात. इथेही सगळी नावं मी बदलली आहेत. सतरा नंबर म्हणजे रामसेवक. वय चौतीस, बायको उत्तर प्रदेशात गावी, दोन मुली. इथे त्याचा एक जिवलग होता, दुसऱ्या कारखान्यातला. रामसेवक वर्षातून दोनदा गावी जायचा. गोळी सुरू करताना त्यानं मला एकच गोष्ट सांगितली होती. "मैडम, बीवी को मैं ज्यादा कुछ दे नहीं पाया. बीमारी तो नहीं ले जाऊँगा." असा माणूस गोळी चुकवणार नाही, असं मला वाटलं होतं.

पहिल्या महिन्यात त्याच्या बाटलीत पंधरा गोळ्या उरल्या. मी विचारलं, रोज घेता ना? तो म्हणाला, बराबर घेता हूँ. दुसऱ्या महिन्यात चौदा उरल्या. तेच उत्तर. तिसऱ्या महिन्यात सोळा.

माझा स्वभाव तापट. समुपदेशकानं शांत असावं म्हणतात, मी नोकरीपुरती शांत होते. समोर अर्धी बाटली पडलेली आणि माणूस बराबर म्हणतोय म्हटल्यावर माझं डोकं फिरायचं. रजिस्टरमध्ये शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथे पहिल्याच महिन्यात मी त्याच्या नंबरापुढे ठळक अक्षरात लिहिलं, 'निष्काळजी'. त्याच्यासारख्या आणखी दहा-अकरा लूमवाल्यांपुढेही तेच लिहिलं. तो समोर बसलेला, रजिस्टर आमच्या मधे टेबलावर उघडं.

या शेऱ्याला अर्थ होता. गोळ्यांचा साठा मोजका, नाव नोंदवून वाट बघणारे बरेच. तीन महिने बाटली संपली नाही तर नाव कमी करून पुढच्याला जागा द्यायची, असा नियम. आमचे डॉक्टर शनिवारी ठाण्याहून यायचे, कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर घालवून वैतागलेले. माणूस भला, पण कागदाला चिकटून राहणारा. त्यांनी शेरे वाचले आणि म्हणाले, "लूमवाले टिकत नाहीत, बाई. येत्या शनिवारी यादी करू आणि गोदामवाल्यांना जागा देऊ."

मी मान डोलावली. वाद घालावा असं मला वाटलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात, बुधवारी, अक्काच्या भिशीत बीपी तपासायला गेले. आमच्याकडे भिशी म्हणजे लूमवाल्यांची खानावळ. अक्का मूळची तेलंगणातली, तीस वर्षांपासून इथे चूल पेटवते, आणि तिच्या भिशीत साठ-सत्तर माणसं दोन वेळा जेवतात. बीपीच्या निमित्तानं आम्हाला भिशीत जाता यायचं, कुणाला काही विचारायचं असेल तर कानाशी लागता यायचं. सकाळचे नऊ वाजत आले होते. आठला पाळी सुटलेली, रात्रभर यंत्रावर उभे राहिलेले लोक डाळभाताचं भरलेलं ताट पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांत रामसेवकही होता. नियमाप्रमाणे मी त्याला पाहिलं नाही आणि त्यानं मला.

मी एका वयस्कर मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरत होते. रामसेवकनं जेवण उरकलं, हात धुतले, जांभई दिली. अक्कानं त्याला विचारलं, "आज चाय नहीं?" तो म्हणाला, "नहीं अक्का, अब सोऊँगा." आणि तो खोलीकडे निघाला.

सकाळी नऊ वाजता तो झोपायला निघाला, आणि मी त्याला सांगून ठेवलं होतं, रात्री झोपताना गोळी घ्या. एकदा नव्हे, दोन-दोनदा. मुंबईच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं तसंच, रोज रात्री झोपताना, म्हणजे विसरायला होत नाही. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, असं ज्यांचं आयुष्य चालतं ते महिन्यातले पंधरा दिवस रात्री झोपतच नाहीत. उरलेल्या गोळ्या पंधरा, चौदा, सोळा.

"मॅडम, हात," मास्तर म्हणाले. हवा सोडायची मी विसरले होते. त्यांची बोटं निळी पडायच्या बेतात होती.

मला तिथेच रडू आलं. अक्काला वाटलं, चुलीचा धूर लागला. रडण्याचं कारण असं की माझे वडील इथेच टेमघरला अशाच लूमवर जॉबर होते, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारे. त्यांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात आई आम्हाला दिवसभर घरात कुजबुजत बोलायला लावायची, खिडकीला चादर बांधायची, आमचा चेंडू कपाटात ठेवून द्यायची. अशा घरात मी वाढले, आणि लूमवाल्याला सांगत होते, रात्री झोपताना. चार दिवसांच्या प्रशिक्षणापुढे अख्खं बालपण विसरले.

शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा लूमवाले केंद्रावर यायचे. रामसेवक आला. मी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं की रात्रपाळीच्या हप्त्यात गोळी कधी घेता.

"नहीं लेता ना," तो म्हणाला. "आपने बोला था, रात को सोते टाइम. उस हफ्ते रात को सोता कहाँ हूँ?"

"तो दिन में सोते टाइम क्यों नहीं ली?"

"दवा तेज है मैडम. दिन में लेके कुछ हो गया तो? आपने दो बार बोला था, रात को."

म्हणजे मी ज्याला निष्काळजी लिहिलं तो माझा शब्द खाली पडू न देणारा माणूस होता. मला जरा कमी मान देणारा असता तर त्यानं दिवसा गोळी घेतली असती आणि सुरक्षित राहिला असता.

आणि तो सुरक्षित नव्हता. आठवडाभर खंड पडला की शरीरातलं औषध ओसरत जातं. मी त्याला विचारलं, त्या हप्त्यांत जिवलगाला भेटलात का. तो खाली बघत म्हणाला, भेटलो. निरोध? कभी था, कभी नहीं. दवा चालू है करके. नेमकी त्या दिवशी त्याची तीन महिन्यांची तपासणी होती.

बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर सोडायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर संसर्ग नाही, दोन आल्या तर आहे. हजारो वेळा मी ते केलं असेल. एरवी त्या वीस मिनिटांत मी माणसाला बोलतं ठेवते, गावाकडचं विचारते. त्या दिवशी उलटं झालं. रामसेवकच मला मुलींच्या शाळेबद्दल सांगत बसला. मोठी कविता म्हणते, धाकटी फक्त भांडते. मी हं हं म्हणत होते आणि मनात म्हणत होते की दुसरी रेघ उमटली तर ती माझ्या हातानं ओढलेली असेल.

वीस मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ होती. मी पट्टी उजेडात नेली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. एकच. "क्या हुआ मैडम?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, कुछ नहीं हुआ. आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ हसत राहिलो. अलीकडचा संसर्ग लगेच दिसत नाही, म्हणून महिन्यानं पुन्हा तपासायचं होतं, ते मी त्याला सांगितलं. पण एवढ्या खंडानंतर ती एक रेघ दिसणं म्हणजे नशीबच.

आता गोळी कधी घ्यायची हा प्रश्न. ही गोळी दिवसा घेतली काय, रात्री घेतली काय, फरक नाही. रोज एक पोटात जायला हवी. मग दोन्ही पाळ्यांत रोज हमखास घडतं असं काय? रामसेवकच म्हणाला, अक्का का खाना. रात्रपाळीवाला कामावर जाण्याआधी सातला संध्याकाळचं जेवतो, दिवसपाळीवाला सुटल्यावर आठला. एक तास इकडेतिकडे, पण संध्याकाळी भिशीत प्रत्येक जण असतोच. शुक्रवारीसुद्धा.

बाटली ठेवायची कुठे, तेही तिथेच सुटलं. अक्काच्या भिंतीवर एक लांब फळी आहे. गावाहून आणलेलं लोणचं, तूप, चटणी ज्याची त्याच्या छोट्या डब्यात त्या फळीवर असते. दुसऱ्याच्या डब्याला कुणी हात लावत नाही. खोलीत उशीखालची वस्तू गायब होईल, पण अक्काच्या फळीवरचा डबा वर्षभर जागचा हलत नाही. त्या फळीवर रामसेवकचा लोणच्याचा डबा होताच. शेजारी आणखी एक आला, आत कोरडी बाटली, सुताच्या गुंत्यात बसवलेली. मी अक्काला एवढंच म्हटलं की काही लोक औषधं ठेवतील. अक्का म्हणाली, "किसके डब्बे में क्या है, मैं आज तक देखी नहीं. अब बुढ़ापे में क्या देखूँगी?"

शनिवारी डॉक्टर यादी घेऊन बसले. मी त्यांच्यापुढे रजिस्टर उघडलं आणि सांगितलं, "सर, हे लोक चुकले नाहीत. मी चुकले. मी सांगितलं तसंच ते वागले." उरलेल्या गोळ्यांचे आकडे दाखवले, पाळ्यांचं गणित मांडलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. मी नऊ नंबरच्या पानापर्यंत आले आणि तिथे थांबले, कारण नऊ नंबरचं नाव मी मागच्याच तिमाहीत कमी केलं होतं. त्याच्याही बाटलीत पंधराच उरायच्या. मी त्याला फोन लावला, लागला नाही. सुरतेला गेला असं कुणी म्हणालं. आजतागायत मला त्याचा पत्ता नाही, आणि या एका गोष्टीचं वाईट वाटायचं थांबत नाही.

"एक महिना देतो," डॉक्टर म्हणाले. "मला रिकाम्या बाटल्या दाखवा."

मी एकेका लूमवाल्याला बसवून विचारलं. बहुतेकांचं दुखणं तेच होतं. दोघांना गोळी नकोच होती, ते आमच्या भिडेनं घेत होते, त्यांनी हात जोडून निरोप घेतला. बाकीच्यांनी आपापली सोय शोधली. कुणी अक्काची फळी धरली, कुणी कारखान्यासमोरच्या चहावाल्याकडे बाटली ठेवली.

महिन्यानं डॉक्टर बाटल्या बघायला आले, तेही शुक्रवारी. लूमवाल्यांना शनिवारी बोलावणं म्हणजे त्यांची एक पाळी बुडवणं, हे मी त्यांच्या गळी उतरवलं होतं. शुक्रवारी कशेळीला ट्रॅफिक जास्त असतं अशी कुरकूर त्यांनी केली, पण आले. रामसेवकची दुसरी तपासणीही एकाच रेघेची निघाली होती. डॉक्टरांनी त्याची बाटली घेतली, झाकण काढलं, सुताचा गुंता बाहेर ओढला आणि टेबलावर बाटली उलटी करून बुडाला टिचक्या मारल्या. ओल शोषणारी पुडी पडली. आणखी काही पडलं नाही. मग दुसरी बाटली, मग तिसरी. एका बाटलीतून दोन गोळ्या घरंगळल्या तेव्हा मालकानं खुलासा केला की दोन दिवस ताप होता. सुताचा ढीग टेबलावर वाढत गेला. शेवटच्या बाटलीनंतर डॉक्टरांनी यादीचा कागद चारदा घडी घालून खिशात कोंबला आणि चहा मागवला. सगळ्यांसाठी. त्या दिवसासारखा आनंद मला माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता, हे तो वाचणार नाही म्हणून लिहिते.

यातली गंमत पुढे आहे. सणासुदीचा सेल आला आणि मानकोलीच्या गोदामांत रात्रंदिवस माल हलू लागला. नीलेश महिन्याअखेरीस आला तो बाटली मागे लपवून. नऊ गोळ्या शिल्लक.

"ताय, सेलचा लोड व्हता. गजर वाजायचा, मी बंद करायचो. जेवायला बी टाइम न्हाय भेटला."

मी त्याला म्हटलं, लूमवाल्यांकडून शिकून घे. त्याला ते चांगलंच लागलं. पण शेरा मी लिहिला नाही. गजर बंद केल्यावरही रोज होतं असं त्याच्या दिवसात काय आहे ते शोधत आम्ही तासभर बसलो, आणि बाईकची किल्ली सापडली. बाटलीतली आठवड्याची रसद आता किल्लीला अडकवलेल्या छोट्या डबीत असते.

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. शेवटचा दिवस मुद्दाम शुक्रवार धरला. नव्या मुलीला रजिस्टर सोपवायचं होतं. रामसेवक आला, नव्या मुलीनं बाटली तपासली, रिकामी. आता दोन वर्षं ती रिकामीच येत होती. तो उठला नाही.

"मैडम, जाने से पहले एक काम कर दो," तो म्हणाला. त्यानं रजिस्टर स्वतःकडे फिरवलं, आपल्या नंबराची पानं मागे उलटत पहिल्या महिन्यापर्यंत गेला आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "ये वाला काट दो."

मी विचारलं, तुम्हाला हे वाचता येतं?

"हिंदी जैसा ही तो लिखते हो. उसी दिन पढ़ लिया था, उल्टा. मतलब नहीं समझा तो जॉबर से पूछा."

"काय सांगितलं त्यानं?"

"बोला, जिसको किसी की फिकर नहीं."

बायकोला बीमारी नेणार नाही म्हणणाऱ्या माणसानं तो शब्द पहिल्या महिन्यातच वाचला होता. वाचूनही तो दर महिन्याला जिना चढून आला होता आणि माझ्यासमोर बसून बराबर घेता हूँ म्हणाला होता. तेव्हाच का बोलला नाहीत असं मी विचारलं. तो म्हणाला, लगा, मेरी ही कुछ गलती होगी.

रजिस्टरमध्ये पांढरा रंग लावायला परवानगी नसते. चुकीचा शब्द एका रेघेनं खोडायचा, तो वाचता येईल असा ठेवायचा, वर दुरुस्ती लिहायची आणि सही करायची. मी रेघ ओढली. वर लिहिलं, 'चूक समुपदेशकाची'. सही केली. मग एकेक पान काढून बाकीच्यांचेही शेरे खोडले, नऊ नंबरचाही. तो तोवर बसून होता.

शेवटी त्यानं वाकून आपल्या पानावरचं वाचलं, एकेक अक्षर जुळवत.

"समुपदेशक मतलब?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "मैं."

त्यानं मान हलवली, नवी बाटली उचलली, खिशातला सुताचा गुंता काढून तिच्यात नीट बसवला आणि कानाशी धरून हलवून पाहिली. आवाज आला नाही. मग तो जिना उतरून गेला.